लग्नसराईतला निकॉन डी७५० : जुना घेतलेला कॅमेरा आणि त्यावर चाललेले घर

मी कराडमध्ये लग्नसमारंभांचे फोटो काढते. माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, १९८७ साली सुरू केलेला स्टुडिओ गेली बारा वर्षे मी सांभाळते आहे आणि घराचा सगळा खर्च त्यावरच चालतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये, तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणाऱ्या हंगामाच्या तोंडावर, मी पुण्यातल्या एका फोटोग्राफरकडून निकॉनचा डी७५० हा कॅमेरा ६२,००० रुपयांना विकत घेतला. त्या दिवशी त्याच्या शटरचा आकडा, म्हणजे तोवर त्याने काढलेल्या फोटोंची संख्या, ३१,४०० होता. आज तो १,७१,००० च्या पुढे गेला आहे. म्हणजे सुमारे १,४०,००० वेळा मी स्वतः त्याचे बटण दाबले आहे, आणि त्यातले बहुतेक फोटो कुणाच्या ना कुणाच्या घरातल्या अल्बमसाठी काढलेले आहेत. नवा कॅमेरा बाजारात आला की आठवडाभर वापरून लिहिलेली परीक्षणे पुष्कळ वाचायला मिळतात. परंतु ज्याला या धंद्यावर पोट भरायचे आहे, ज्याच्या हातात पैसा बेताचा आहे आणि ज्याला पहिला फुल-फ्रेम, म्हणजे ३५ एमएम फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेला, कॅमेरा घ्यायचा आहे, त्याच्या उपयोगाचे त्यांत फारसे काही नसते. त्याच्यासाठी हे लिहीत आहे.

डी७५० सप्टेंबर २०१४ मध्ये जाहीर झाला. २४.३ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम सेन्सर, ५१ फोकस पॉइंट (चित्रातल्या ज्या जागांवर फोकस धरता येतो त्या), सेकंदाला साडेसहा फोटो, वरखाली वळणारा मागचा स्क्रीन, दोन एसडी कार्डांसाठी दोन खाचा आणि बॅटरी-कार्डासह ८४० ग्रॅम वजन, ही त्याची ओळख. त्याची पुढची आवृत्ती, डी७८०, जानेवारी २०२० मध्ये आली आणि त्यानंतर कंपनीचे बहुतेक लक्ष मिररलेसकडे, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे, वळले. त्यामुळे आज हा कॅमेरा घ्यायचा तर तो जुनाच मिळणार, हे गृहीत धरून पुढचे वाचावे.

आधी पैशांचे बोलते, कारण आमच्या धंद्यात कॅमेऱ्याची निवड तिथूनच सुरू होते. हळद आणि लग्न असे दोन दिवस, फक्त फोटो आणि एक करिझ्मा अल्बम (जाड पानांवर थेट फोटो छापलेला), अशी माझी नेहमीची ऑर्डर ३८,००० रुपयांची असते. त्यातले ७,००० सोबतच्या दुसऱ्या फोटोग्राफरला जातात, १,६०० लाइट धरणाऱ्या मुलाला आणि २,५०० गाडीला. बारा बाय छत्तीस इंचांच्या ३५ शीटचा अल्बम, कव्हर आणि पेटीसह, लॅबकडून ९,००० ला पडतो; त्याच्या डिझाइनचे २,८०० वेगळे; आणि हार्डडिस्क-कार्डांची झीज म्हणून मी प्रत्येक ऑर्डरमागे ६०० बाजूला ठेवते. हे सगळे वजा केले की हातात १४,५०० राहतात, आणि त्यात दोन दिवसांची उभी मेहनत तर असतेच, शिवाय फोटो निवडणे, रंग सुधारणे आणि पाहुण्यांच्या मर्जीप्रमाणे अल्बममध्ये फेरफार करणे यांत पुढचे पंधरा दिवस जातात. वर्षाला अशा २० ऑर्डरी मिळाल्या तर २,९०,००० रुपये होतात. चातुर्मासात मुहूर्त नसतात, तेव्हा पासपोर्ट फोटो, शाळांची ओळखपत्रे आणि भिंतीवर लावायच्या फ्रेम यांवर दुकान चालते. दोन लाखांचा नवा कॅमेरा घेणे म्हणजे जवळजवळ १४ ऑर्डरींची शिल्लक त्यात घालणे. ६२,००० चा डी७५० मात्र साडेचार ऑर्डरींच्या आत फिटला. त्यानंतर सर्व्हिसिंग आणि पकडीचे रबर बदलणे यांवर ४,८०० रुपये गेले. एकूण ६६,८०० ला १,४०,००० ने भागले की दर फोटोमागे कॅमेऱ्याचा खर्च ४८ पैसे येतो. मी हा हिशेब वहीत लिहून ठेवला आहे, आणि नवीन काही घ्यायचा मोह झाला की तीच वही उघडते.

परंतु केवळ स्वस्त मिळाला म्हणून हा कॅमेरा मी कुणाला सुचवला नसता. मी तो घेतला तो दोन कार्डांच्या खाचांसाठी, आणि त्यामागे एक घटना आहे. २०१८ च्या मे महिन्यात मी एकाच कार्डाची सोय असलेला कॅमेरा वापरत होते. पाटणकडच्या एका लग्नात संध्याकाळी कार्ड लॅपटॉपला लावले आणि ते उघडेना. दुसऱ्या दिवशी पुण्याला जाऊन एका माहितगाराकडून त्यातला डेटा काढून घेतला, तेव्हा सकाळचे आणि पंगतीचे फोटो परत आले. कन्यादानापासून सप्तपदीपर्यंतचे २१२ फोटो आले नाहीत. दुसऱ्या फोटोग्राफरला त्या वेळी मी नवरदेवाकडच्या मंडळींचे ग्रुप घ्यायला पाठवले होते, त्यामुळे त्याच्याकडेही काही नव्हते. मी ॲडव्हान्सची सगळी रक्कम पाकिटात घातली आणि मुलीच्या घरी गेले. तिच्या आईने माझे बोलणे शांतपणे ऐकून घेतले, चहा आणला, आणि कप पुढे करताना एवढेच विचारले, “एकही नाही का गं त्यांतला?” त्यांनी मला एका शब्दाने दुखावले नाही, पैसेही अर्धेच परत घेतले. तो प्रश्न मात्र मी आजतागायत विसरले नाही.

डी७५० मध्ये दुसऱ्या कार्डाचे काम काय, हे मेनूतून ठरवता येते : पहिले भरल्यावर दुसऱ्यावर जाणे, एकावर रॉ (सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल) आणि दुसऱ्यावर जेपेग (तयार फोटो), किंवा दोन्हींवर तेच फोटो. मी तिसरा पर्याय लावते आणि तो कधीही बदलत नाही. १४-बिट रॉ फाइल सुमारे २८ ते ३० एमबीची असते, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डावर ढोबळमानाने दोन हजार फोटो बसतात आणि एका लग्नाला ते पुरतात. समारंभ संपला की पहिले कार्ड माझ्या पर्समध्ये आणि दुसरे सहकाऱ्याच्या खिशात जाते. दोघे वेगवेगळ्या गाड्यांनी परतलो तर अधिकच बरे. २०२३ च्या फेब्रुवारीत एक कार्ड पुन्हा असेच वाचेनासे झाले. त्या वेळी मी दुसरे कार्ड लावले, फोटो उतरवून घेतले आणि जेवायला गेले. त्या लग्नातल्या कुणालाही ते कधी कळले नाही, कळण्याचे कारणही नव्हते.

आता फोकसविषयी. आपल्या लग्नात एकच क्षण असा असतो की जो कुणालाही पुन्हा करून दाखवायला सांगता येत नाही, तो म्हणजे अंतरपाट दूर होण्याचा. शेवटचे मंगलाष्टक संपते, अंतरपाट बाजूला ओढला जातो, वाजंत्री सुरू होते, चारी बाजूंनी अक्षता पडू लागतात आणि त्या गर्दीत दोघे एकमेकांकडे पाहतात. तो पाहण्याचा अवधी मोजून एक-दोन सेकंदांचा असतो. मग हार येतात, मामा मध्ये येतात, कुणीतरी मोबाइल वर करून पुढे घुसते. याच वेळी कॅमेऱ्याची खरी परीक्षा होते, कारण समोरून उडणारे तांदूळ आणि चेहरा यांतले काय धरायचे, हे त्याला ठरवावे लागते. पहिल्या दोन लग्नांत माझे बरेच फोटो अक्षतांवर फोकस होऊन वाया गेले, आणि दोष माझ्या सेटिंगचा होता. डी७५० मध्ये ‘फोकस ट्रॅकिंग विथ लॉक-ऑन’ नावाची सोय आहे. मध्येच काही आडवे आले तर कॅमेऱ्याने किती वेळ धीर धरावा, हे तिथे ठरवता येते. ती सर्वांत लांब अवधीवर ठेवली, सतत फोकस करणारा एएफ-सी मोड निवडला आणि पाच पॉइंट एकत्र काम करणारा ग्रुप-एरिया पर्याय घेऊन तो वधूच्या डोळ्यांवर धरला, की मधून जाणाऱ्या तांदळांकडे कॅमेरा दुर्लक्ष करतो. तेव्हापासून त्या क्षणाच्या दहा फोटोंतले आठ-नऊ नेमके येतात. याच जागी एक सावधगिरी सांगते : १४-बिट रॉमध्ये सलग सुमारे १५ फोटोंनंतर कॅमेऱ्याचा वेग मंदावतो, म्हणून अंतरपाट खाली येण्याआधीच बटण दाबून धरू नये. मी दोन-तीन, दोन-तीन असे तुकड्यांनी फोटो घेते.

मंगल कार्यालयांतला प्रकाश हा आमच्या धंद्यातला सर्वांत अवघड भाग झाला आहे, आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे. आबांच्या काळी हॉलमध्ये ट्यूबलाइट असत आणि व्हिडिओवाल्याचा हॅलोजन. त्रास होता, पण तो ओळखीचा होता. आता स्टेजवर जांभळे आणि निळे एलईडी पार लाइट, मागे प्रकाशमान भिंत, वर पिवळी झुंबरे आणि दारातून येणारे ऊन, असे चार रंगांचे उजेड एकाच चेहऱ्यावर पडतात. हळदीच्या दिवशी तर हळद पिवळी, मांडव पिवळा, झेंडू पिवळा आणि त्यावर पिवळे दिवे अशी स्थिती असते; आपोआप रंग ठरवणारे सेटिंग त्या सगळ्याला पांढरे मानू पाहते आणि नवरीचा चेहरा राखाडी करून टाकते. मी हळदीला रंगाचे तापमान हाताने ठरवते, रॉमध्येच फोटो घेते आणि घरी आल्यावर तिच्या हिरव्या बांगड्या पाहून रंग जुळवते, कारण हिरवा चुडा प्रत्यक्षात कसा दिसतो हे माझ्या डोळ्यांना पक्के माहीत आहे. डी७५० च्या रॉ फाइलमध्ये हे करायला भरपूर वाव आहे. त्वचेचा रंग ओढून-ताणून आणल्यासारखा दिसत नाही.

याच कॅमेऱ्यात हायलाइट-वेटेड मीटरिंग आहे. चित्रातला सर्वांत उजळ भाग जळू नये, या बेताने ते उजेड मोजते. काळोख्या हॉलमध्ये एकाच दिव्याच्या झोतात उभी असलेली वधू, किंवा भर दुपारी पांढऱ्या फेट्यातले आजोबा, अशा ठिकाणी मी ते वापरते. त्यामुळे बाकीचा फोटो अंधारा येतो. परंतु कमी आयएसओवर, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता कमी ठेवून, काढलेल्या फोटोंच्या सावल्या या सेन्सरमधून इतक्या स्वच्छ वर काढता येतात की मला पहिल्यांदा आश्चर्यच वाटले होते. आयएसओ ६४०० पर्यंत मी निर्धास्तपणे जाते. फाइल ६०१६ बाय ४०१६ पिक्सेलची असते. एकच फोटो छत्तीस इंची शीटभर पसरला तरी इंचाला १६७ पिक्सेल मिळतात, आणि अल्बम मांडीवर घेऊन पाहणाऱ्याला त्यात उणीव जाणवत नाही. आजवर एकाही ग्राहकाने मला मेगापिक्सेल किती, असे विचारलेले नाही. आत्याचा फोटो का नाही, असे मात्र पुष्कळांनी विचारले आहे.

एलईडीच्या लुकलुकण्याला मात्र या कॅमेऱ्याकडे उत्तर नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे हलक्या प्रतीचे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्यांना ते दिसत नाही, पण शटरचा वेग जास्त ठेवला की फोटोवर आडवे पट्टे येतात किंवा एक फोटो उजळ आणि पुढचा काळसर येतो. नंतरच्या काही कॅमेऱ्यांत फोटोसाठीच लुकलुक टाळण्याची सोय आली. डी७५० मध्ये ती केवळ लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर पाहून काम करणे) आणि व्हिडिओपुरती आहे. अशा हॉलमध्ये मी शटर १/१०० सेकंदावर ठेवते, हलणाऱ्या माणसांसाठी फ्लॅश छताकडे वळवून वापरते आणि छत काळे किंवा फार उंच असेल तर मुलाच्या हातात वेगळा फ्लॅश देते. आदल्या दिवशी कार्यालयात जाऊन दहा फोटो काढून पाहणे हा यावरचा सर्वांत चांगला उपाय आहे.

हातातल्या वागणुकीविषयी मला मनापासून चांगले बोलता येईल. माझे हात लहान आहेत. या कॅमेऱ्याची पकड खोल आहे, चारही बोटे तिच्यात नीट बसतात आणि जड लेन्स लावली तरी मनगटावर ओढ येत नाही. २४-७० एफ/२.८ लेन्सची (एफ/ पुढचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे) जुनी आवृत्ती ९०० ग्रॅमची आहे. म्हणजे फ्लॅश सोडून पावणेदोन किलो वजन, आणि ते पहाटेच्या घाणा भरण्यापासून रात्रीच्या वरातीपर्यंत हातात असते. हे वजन कमी नाही. तिशीत जे जाणवत नव्हते ते आता मानेला जाणवते, म्हणून ज्यांना पाठीचा किंवा खांद्याचा त्रास आहे त्यांनी या कॅमेऱ्याचा विचार जपून करावा. मागचा स्क्रीन वरखाली वळतो, त्याचा उपयोग मला सुरुवातीला नाममात्र वाटला होता. प्रत्यक्षात सप्तपदीच्या वेळी पाटावरच्या तांदळाच्या राशींपाशी कॅमेरा टेकवून पावलांचे फोटो घेताना, आणि सुनमुख पाहताना आरशाभोवती बायकांची दाटी झाली की कॅमेरा डोक्यावर धरून फोटो घेताना, तो मला रोज लागतो. नऊवारीत असताना जमिनीवर आडवे पडता येत नाही, आणि घरातल्याच लग्नात फोटो काढण्याची वेळ माझ्यावर दोनदा आली आहे.

आवाजाचे म्हणाल, तर हा आरशाचा कॅमेरा आहे आणि तो वाजतो. क्यू नावाच्या शांत मोडमध्ये तो आवाज पुष्कळ दबतो, नाहीसा होत नाही. वधूच्या खोलीत, निघण्याआधी आई आणि मुलगी काही न बोलता एकमेकींचे हात धरून बसलेल्या असतात, तेव्हा तो दबलेला आवाजही मला मोठा वाटतो. त्या खोलीत मला बाई म्हणून प्रवेश मिळतो, आणि त्या प्रवेशाला जपायचे असते. म्हणून तिथे मी चार-पाच फोटो काढते आणि कॅमेरा खाली ठेवते. बारशाला झोपलेले बाळ मात्र या आवाजाने माझ्या अनुभवात अजून जागे झालेले नाही.

बॅटरीबाबत हा कॅमेरा उत्तम आहे. कंपनीने एका चार्जवर १,२३० फोटो सांगितले आहेत आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावून काम केले तर त्याहून अधिक निघतात; दोन बॅटरींत माझे लग्न होते. वाय-फाय अंगचेच आहे. संध्याकाळी नवरीचा एखादा फोटो तिच्या भावाच्या मोबाइलवर गेला की रात्रीपर्यंत तो सगळ्या नातेवाइकांच्या स्टेटसवर असतो, आणि त्यातून पुढच्या वर्षीची एखादी ऑर्डर येते. जाहिरातीवर मी आजवर जो खर्च केला, त्यापेक्षा या एका सवयीने मला अधिक काम दिले.

कॅमेरा घेऊन सहा महिने होतात न होतात, तोच मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि एप्रिल-मेच्या माझ्या अकरा तारखा रद्द झाल्या. पुढे ५० माणसांत लग्नांना परवानगी मिळाली. एप्रिल २०२१ च्या आदेशाने तर राज्यात २५ माणसे आणि दोन तास एवढीच मुभा उरली आणि ती मोडल्यास ५०,००० रुपये दंड होता. त्या २५ माणसांत फोटोग्राफर मोजायचा की नाही, यावर घराघरांत चर्चा होत असे. माझ्या ओळखीच्या एका होतकरू मुलाने त्याच सुमारास हप्त्यांवर नवा कॅमेरा आणि दोन लेन्स घेतल्या होत्या. हप्ते थांबेनात, तेव्हा त्याने सगळे सामान निम्म्या किमतीत विकले आणि तो आज एमआयडीसीत कामाला जातो. त्याच्या फोटोंत माझ्यापेक्षा अधिक समज होती, हे मी त्याच्यासमोर आणि इतरांसमोरही म्हटले आहे. माझ्या डोक्यावर हप्ता नव्हता, म्हणून मी टिकले. दोन तासांच्या त्या लग्नांत मी एकटीच एक कॅमेरा आणि दोन लेन्स घेऊन जात असे, आणि ८,००० रुपयांत काम करत असे. त्या वर्षी काढलेल्या काही फोटोंत मास्कवरून दिसणारे फक्त डोळे आहेत. फोकस डोळ्यांवरच धरायचा असल्यामुळे त्यांतही कॅमेऱ्याने दगा दिला नाही.

निकॉनची एफ-माउंट ही लेन्स बसवण्याची रचना १९५९ पासूनची आहे आणि त्याचा फायदा डी७५० ला भरपूर मिळतो. जुन्या एएफ-डी लेन्स चालवणारी मोटर कॅमेऱ्यातच आहे, त्यामुळे ५० एमएम एफ/१.८डी सारखी स्वस्त आणि चोख लेन्स थेट चालते. त्याहून जुन्या, हाताने फोकस करायच्या एआय लेन्सही बसतात. मेनूत फोकल लेंग्थ आणि सर्वांत मोठे छिद्र किती ते भरले की उजेड नीट मोजला जातो. आबांच्या एफएम२ या निकॉनच्या फिल्म कॅमेऱ्याबरोबर आलेली ५० एमएमची लेन्स मी अशीच वापरते. तिच्या रिंगवरची रबरी पट्टी आबांच्या अंगठ्याने एका बाजूला गुळगुळीत झाली आहे. व्ह्यूफाइंडरच्या डाव्या कोपऱ्यातला हिरवा ठिपका स्थिर झाला की फोकस बसला असे समजायचे. घाईच्या कामाला ती लेन्स उपयोगाची नाही. स्टुडिओत वृद्ध माणसे सावकाश बसवून फोटो काढायचे असतात, तेव्हा मी तीच लावते. असे फोटो पुढे कधीतरी हार घालून भिंतीवर लागणार, हे समोरच्यालाही ठाऊक असते आणि मलाही, म्हणून मी त्या कामात घाई करत नाही.

आता उणिवा. ५१ फोकस पॉइंट चित्राच्या मध्यभागी गोळा झालेले आहेत. वधू कडेला हवी असेल तर आधी फोकस घेऊन मग कॅमेरा वळवावा लागतो आणि एफ/१.८ वर त्यात चूक होते. डोळा आपोआप शोधून धरणे हे आजच्या मिररलेस कॅमेऱ्यांचे काम त्याला व्ह्यूफाइंडरमधून जमत नाही. अंगठ्याने फोकस करण्यासाठी वेगळे एएफ-ऑन बटण दिलेले नाही. एई-एल/एएफ-एल बटणाला ते काम नेमून द्यावे लागते, आणि मी तसेच केले आहे. शटर १/४००० सेकंदाच्या पुढे जात नाही, म्हणून कराडच्या प्रीतिसंगमावर, कृष्णा-कोयनेच्या काठी, मे महिन्याच्या उन्हात मोठ्या छिद्राने प्री-वेडिंगचे फोटो काढायचे तर आयएसओ खाली आणून किंवा फिल्टर लावून वेळ भागवावी लागते. व्हिडिओ फुल एचडीपर्यंतच आहे, ४के नाही. आज कराड-साताऱ्याकडचे ग्राहकसुद्धा फोटो आणि सिनेमॅटिक व्हिडिओ एकाच माणसाकडून मागतात. ज्याला दोन्ही एकट्याने करायचे आहे, त्याने डी७५० घेऊ नये, थोडे थांबून, पैसे साठवून मिररलेसकडे जावे. ज्याला फोटोंवरच काम उभे करायचे आहे, त्याने मात्र उरलेल्या पैशांत ८५ एमएम एफ/१.८ ची चांगली लेन्स, दोन फ्लॅश आणि चार भरवशाची कार्डे घ्यावीत. त्या कॅमेऱ्यासह हे सगळे मिळून एका नव्या कॅमेऱ्याच्या किमतीत बसते.

जुना डी७५० पाहायला जाल तेव्हा स्वतःची दोन कार्डे आणि लॅपटॉप घेऊन जा. दोन्ही खाचांत कार्ड घालून दोन्हींवर फोटो उतरतो का ते पाहा. शेवटचा फोटो लॅपटॉपवर उघडून शटरचा आकडा वाचा. कंपनीने हे शटर १,५०,००० वेळांसाठी तपासले आहे, याचा अर्थ त्यानंतर ते बंद पडते असा नाही, पण ८०,००० च्या पुढचा कॅमेरा घेताना भाव त्या हिशेबाने पाडून मागावा. पांढऱ्या भिंतीचा एफ/१६ वर एक फोटो काढा, सेन्सरवरचे डाग त्यात दिसतात. स्क्रीन वरखाली करून मधेच विझतो का ते बघा, आणि अंगठ्याखालचे रबर सुटले आहे का ते चाचपा. सुरुवातीच्या काही कॅमेऱ्यांत चित्राच्या वरून येणाऱ्या तेज उजेडात विचित्र पट्टा दिसत असे आणि काहींच्या शटरमध्ये दोष होता. निकॉनने त्याबद्दल स्वतःहून सूचना काढून मोफत दुरुस्ती दिली आणि शटरच्या सूचनेची व्याप्ती पुढे वाढवत नेली. म्हणून अनुक्रमांक लिहून घेऊन तो त्या यादीत आहे का आणि दुरुस्ती झाली आहे का, हे विचारा. उजेडाच्या दोषाची दुरुस्ती झालेल्या कॅमेऱ्याच्या तळाशी, ट्रायपॉडच्या आट्यांच्या भोकात, एक काळा ठिपका असतो. आणि विकणाऱ्याकडून मूळ बिल अवश्य मागून घ्या. विमा उतरवताना ते लागते, आणि ज्याच्याकडे बिल जपून ठेवलेले असते त्याने कॅमेराही बहुधा जपलेला असतो. माझ्या कॅमेऱ्याचे बिल मला त्याच्या मूळ खोक्यात, वॉरंटी कार्डाला टाचलेले मिळाले होते.